नवा ड्रायव्हर घेण्याआधी जुन्याच्या फेसवर खडू लावा

प्रश्न काटोल तालुक्यातल्या एका तरुण संत्रा बागायतदाराचा आहे. आठ-नऊ महिन्यांपूर्वी नागपुरातल्या मित्रांच्या नादाने गोल्फ सुरू झाला, आता रविवार चुकत नाही. बाकीचे दिवस सोयाबीन निघालेल्या वावरात सराव. हातात एका निवृत्त साहेबांनी दिलेला जुना ड्रायव्हर (टीवरून लांब मारायचा डंडा) आहे, ९ अंश लॉफ्टचा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, फेस, तेवढीच मागे कललेली, आणि स्टिफ शाफ्टचा, म्हणजे कडक दांडीचा. चेंडू १८०-१९० यार्ड जातो, आणि जाता जाता उजवीकडे पळतो. ते विचारतात, "आंबिया बहाराचे पैसे हाती आले आहेत, पन्नास-साठ हजारांपर्यंत जाईन. किमान ३० यार्ड वाढतील असा ड्रायव्हर सांगा. तो १०के वाला घेऊ काय?"

भाऊ, आधी एक गंमत सांगतो. आमच्या गावात मी एकदा चहाच्या टपरीवर म्हटलं, "नवीन ड्रायव्हर पाहून राहिलो." शेजारचे काका लगेच म्हणाले, "ट्रॅक्टर कोणता हाय? अन् पगार किती देता?" तेव्हापासून मी "डंडा" म्हणतो. त्या दिवशी काकांचा पुढचा प्रश्न होता, "पहिल्याले काऊन काढलं?" तो मी तुम्हाला विचारतो. जुन्याला का काढायचं, हे कळल्याशिवाय नवा बघू नका.

माझं सांगायचं तर पोरपणी छावणीच्या मैदानावर कॅडी होतो. बॅगा उचलता उचलता खेळ शिकलो, पुढे ग्रिप बदलणं, शाफ्ट बसवणं यात हात बसला आणि आता घरामागच्या टिनाच्या शेडात तेच करतो. शिकवतोही. नवा ड्रायव्हर घेऊन आलेले आणि दोन महिन्यांनी तोच घेऊन तोंड पाडून परत आलेले बरेच पाहिले. डंड्यात खोट क्वचितच निघते.

तुमच्या ३० यार्डांचा हिशेब आधी करू. अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक स्पर्धांत, खेळणाऱ्या बायांचा ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ९४ ते ९६ मैल मोजला गेला आहे. त्या वेगावर त्यांचा चेंडू हवेतूनच २२० यार्डांच्या आसपास जातो, घरंगळणं वेगळं. शेतात राबलेल्या तुमच्या वयाच्या गड्याचा वेग ९० ते ९५ सहज असतो. मशिनीवर मोजून पाहा, फार खाली निघणार नाही. म्हणजे ताकद जवळपास तेवढीच, आणि चेंडू ३०-४० यार्ड मागे. तो फरक तीन ठिकाणी गळतो: चेंडू फेसच्या मध्यात बसत नाही, लॉफ्ट कमी पडतो, आणि डंडा चेंडूवर वरून खाली येतो. यातली दुसरी गळती नवा ड्रायव्हर बऱ्यापैकी बुजवतो. पहिली थोडीशी. तिसरीला त्याचा काहीच इलाज नाही.

आता जाहिरातीतल्या "जास्त उसळी"चं बघू. ड्रायव्हरच्या डोक्याला नियमाची वेसण आहे. अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडची आर अँड ए या दोन संस्था नियम करतात. डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटिमीटरच्या वर नको. बुलेट ३५० सीसीची आणि डंडा ४६० सीसीचा, हे ऐकून आमच्याकडचे पोट्टे हसतात. फेसची उसळी किती असावी तेही ठरलेलं आहे. एक छोटा लोलक फेसवर आपटतात आणि तो किती वेळ चिकटून राहिला ते मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सवलत. चांगल्या कंपन्या वीसेक वर्षांपूर्वीच या रेषेला टेकल्या. त्यामुळे अगदी मध्यात मारलेला चेंडू २०१८ च्या ड्रायव्हरवरून आणि यंदाच्या ड्रायव्हरवरून जवळपास सारखाच सुटतो. दोन-चार यार्डांचा फरक पडला तर पडला.

मग इतक्या वर्षांत कंपन्यांनी केलं काय? मध्य चुकल्यावर होणारं नुकसान कमी केलं. बंडीचं चाक आठवा. वजन सगळं धावेवर असलं की चाक सहज वळत नाही, तेच वजन मधे आसाजवळ आणलं की पटकन वळतं. ड्रायव्हरच्या डोक्यात कार्बनचा पातळ क्राउन (डोक्याचा वरचा भाग) टाकून वाचलेलं वजन मागे आणि कडांना नेलं. आता चेंडू टोकाला लागला तरी डोकं कमी पिळतं आणि वेग कमी वाया जातो. तुमचा "१०के" म्हणजे हाच पिळाला होणारा विरोध, आडव्या आणि उभ्या दिशेचा मिळून १०,००० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर. २०२४ मध्ये टेलरमेड आणि पिंग या दोघांनी हा आकडा मिरवला. नियमाची मर्यादा फक्त टाच-टोकाच्या दिशेला आहे, ५९०० आणि वर १०० सवलत. दोन्ही दिशांची बेरीज करून १०,००० म्हटलं की कानाला मोठं वाटतं. वस्तू खोटी नाही, नवशिक्याच्या कामाचीही आहे. पण ती सरळपणा देते. लांबी त्यातून आली तर आडमार्गाने येते.

म्हणून खडू. शाळेतला साधा पांढरा खडू घ्या, जुन्या ड्रायव्हरच्या फेसवर आडवा घासून पांढरा थर द्या आणि एक चेंडू मारा. चेंडूवरच्या खळग्यांचा गोल ठसा थरात उठतो, अगदी नाण्याएवढा. त्याचा फोटो काढा, फडक्याने पुसा, पुन्हा खडू, पुन्हा चेंडू. असे वीस चेंडू. खडू असताना चेंडू कुठे जातो त्याकडे लक्ष देऊ नका, थराने फिरकी थोडी बदलते. आपल्याला ठसा हवा आहे.

माझ्याकडे आलेल्या नवशिक्यांचे ठसे बहुतेक वेळा दोन जागी सापडतात. एक, टाचेकडे खाली, म्हणजे शाफ्ट जिथे डोक्यात शिरतो त्या बाजूला. दोन, वर टोकाकडे विखुरलेले. तुमचा चेंडू उजवीकडे पळतो आणि कमी जातो, त्यावरून माझा अंदाज टाचेचा आहे. कारण असं की ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असतं. चेंडू टाचेला लागला की डोकं एका बाजूला पिळतं आणि चेंडूला उलट बाजूची फिरकी देतं, जसं दोन दातेरी चाकं एकमेकांना उलट फिरवतात. टाचेचा मार उजवीकडे वळणारी फिरकी देतो, टोकाचा मार डावीकडे. उभ्या दिशेलाही तेच: फेसवर खाली लागलेल्या चेंडूला मागची फिरकी जास्त मिळते, तो वर उठून फुग्यासारखा तरंगतो आणि जागीच पडतो. मध्याच्या किंचित वर लागला तर उंच सुटतो, फिरकी कमी, आणि तोच सगळ्यात लांब जातो.

आकड्यात सांगतो. चेंडूचा वेग डंड्याच्या वेगाच्या किती पट झाला याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरला तो १.५ च्या आसपास संपतो. ९२ मैलांचा डंडा आणि १.३५ चा स्मॅश असेल तर चेंडू १२४ मैलांनी सुटतो. तोच १.४५ झाला तर १३३ ने. चेंडूच्या वेगातल्या एका मैलाला ढोबळ मानाने दोन यार्ड धरतात. म्हणजे अठरा यार्ड इथेच सापडले. एका खडूच्या कांडीत.

ठसे मध्यात आणायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे डंडा आखूड धरणे. दुकानात येणारे ड्रायव्हर साडेपंचेचाळीस-सेहेचाळीस इंचांचे असतात. लांब डंडा, जास्त वेग, हे कागदावर बरोबर आहे. पण पीजीए टूरवरचे, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांतले, अनेक खेळाडू ४५ च्या आत राहतात, ज्यांचं पोटच या खेळावर आहे. मग आपण आठ महिन्यांत सेहेचाळीस इंच का पेलायचे? ग्रिपच्या टोकापासून एक इंच खाली धरून दहा चेंडू मारा, खडू लावून. ठसे गोळा झाले तर तुमच्या नव्या ड्रायव्हरची लांबी साडेचव्वेचाळीस, हे ठरलं. शाफ्ट ग्रिपच्या बाजूने कापता येतो. मात्र अर्धा इंच कापला की डोकं हाताला हलकं लागतं, म्हणून सोलवर, म्हणजे डोक्याच्या तळाला, शिशाच्या पट्टीचे पाच-सहा ग्रॅम चिकटवावे लागतात. हे न करता नुसता कापून दिला की माणूस म्हणतो, "डंड्यात जीव नाही राहिला." कापण्याआधी महिनाभर नुसता आखूड धरून खेळा, कापलेला परत जोडता येत नाही.

लॉफ्टचं मात्र मी जोर देऊन सांगतो. ९ अंशाचा ड्रायव्हर तुमच्यासाठी नाही. साहेबांसाठीही बहुधा नव्हता. ९ म्हणजे मर्द आणि १२ म्हणजे बायकी, ही समजूत छावणीपासून शहरातल्या क्लबापर्यंत सगळीकडे आहे आणि तिने लोकांचे जितके यार्ड खाल्ले तितके वाऱ्याने खाल्ले नसतील. ११५ मैलांच्या वेगाला ९ अंश पुरतात, कारण चेंडू स्वतःच्या वेगावर उचलला जातो. ९० मैलांच्या चेंडूला उंची लॉफ्टनेच द्यावी लागते. नाहीतर तो उठतो न उठतो तोच खाली येतो. शिवाय लॉफ्ट कमी म्हणजे मागची फिरकी कमी, आणि मागची फिरकी कमी झाली की तेवढ्याच चुकीला आडवी फिरकी जास्त चावते. तुमचा स्लाइस (उजवीकडे वळणारा चेंडू) ९ अंशावर जेवढा वळतो तेवढा १२ वर वळणार नाही.

घरबसल्या तपासायचं असेल तर तुमच्याकडे ३ नंबरचा वूड (ड्रायव्हरहून आखूड, लहान डोक्याचा डंडा) असेलच, बहुधा १५ अंशांचा. चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या काडीवर) ठेवून त्याने दहा मारा, मग ड्रायव्हरने दहा. वूड ड्रायव्हरच्या बरोबरीने किंवा पुढे जात असेल तर लॉफ्ट कमी आहे आणि डंडा लांब आहे, दोन्ही एकदम सिद्ध झालं. मी पाहिलेल्या दहातल्या सात-आठ नवशिक्यांचं हेच निघतं.

तेव्हा १०.५ अंशाच्या खाली जाऊ नका, १२ मिळाला तर घ्या. आजच्या बहुतेक ड्रायव्हरना शाफ्टच्या मुळाशी फिरणारी कॉलर असते, पान्याने सैल करून लॉफ्ट दीड-दोन अंश वर-खाली करता येतो. लॉफ्ट वाढवला की फेस किंचित डावीकडे बंद होतो, कमी केला की उजवीकडे उघडतो. तुमच्यासारख्या उजवीकडे पळवणाऱ्याला लॉफ्ट वाढवणं दुहेरी फायद्याचं. आणि एकदा लावला की तो पाना कपाटात ठेवून द्या. दर रविवारी कॉलर फिरवणारी माणसं मी ओळखतो. त्यांना स्वतःचा चेंडू कसा जातो हे कधीच कळत नाही.

शाफ्टवर लोक तासन् तास बोलतात, मी थोडक्यात आटोपतो. ८५ ते ९५ मैलांना रेग्युलर, त्याच्या वर स्टिफ, खाली सीनियर. पण एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो, कारण या अक्षरांना सगळ्यांना बांधून ठेवणारं माप नाही. अक्षरापेक्षा वजन बघा. पन्नास-पंचावन्न ग्रॅमचा शाफ्ट बहुतेकांना जमतो. घण चालवायची सवय असलेल्या हाताला चाळीस ग्रॅमचा शाफ्ट काडीसारखा वाटतो, तो घाई करतो आणि फेस उघडाच राहतो. अशांना साठ ग्रॅमचा दिला की ताल येतो. हे मारून पाहूनच कळतं.

आता तिसरी गळती, जिच्यावर दुकानात काहीच मिळत नाही. आपले हात कशावर तयार झालेत बघा: कुऱ्हाड, टिकास, फावडं, सब्बल. सगळं वरून खाली. लाकूड फोडायला हे बरोबर आहे, आयर्नने (लोखंडी पात्याच्या डंड्याने) गवतावरचा चेंडू मारायलाही चालतं. ड्रायव्हरचा चेंडू मात्र टीवर अधांतरी आहे, तो डंडा वर चढताना लागायला हवा. ९० मैलांच्या वेगावर पाच अंश खाली मारणं आणि पाच अंश वर मारणं यात वीसेक यार्डांचा फरक पडतो, डंडा तोच, माणूस तोच. वर सांगितलेल्या टूरवरच्या बाया सरासरी दोन-तीन अंश वर मारतात. त्यांच्या यार्डांचं अर्धं गुपित तिथे आहे.

तुम्ही लहानपणी गिल्ली-दांडू खेळलाच असाल. गिल्ली उडवून हवेत असताना जो टोला हाणता, तो कुऱ्हाडीचा नसतो. खांदा मागे राहतो आणि दांडू खालून वर झाडून निघतो. तोच टोला इथे हवा. त्यासाठी चेंडू डाव्या टाचेच्या समोर ठेवा. पाय आयर्नपेक्षा रुंद, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. टी इतकी उंच की ड्रायव्हर जमिनीवर टेकवल्यावर अर्धा चेंडू क्राउनच्या वर दिसला पाहिजे. नवशिके टी बुटकी ठेवतात, चेंडूखालून डंडा निघून जाईल या भीतीने. बुटक्या टीवर खाली मारण्यावाचून गत्यंतरच उरत नाही. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीत टी शिरत नाही, मोडते, म्हणूनही लोक बुटकी ठेवतात. खिशात चार इंची खिळा ठेवा, आधी भोक पाडा.

लांबीवरून आठवलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, अदिती अशोक चौथी आली. ड्रायव्हरने ती पुढच्या खेळाडूंच्या बरीच मागे असायची, तरी शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या झुंजीत होती, पटिंगच्या, म्हणजे होलजवळच्या हलक्या टोल्यांच्या, जोरावर. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, मला माहीत आहे. तुम्हाला लांबच मारायचं आहे, मारा. मलाही पंचविशीत तेवढंच पाहिजे होतं.

घ्यायचं काय ते आता सांगतो. पन्नास-साठ हजारांचा यंदाचा ड्रायव्हर घेऊ नका. काही वर्षांपूर्वीचं मॉडेल, चांगल्या अवस्थेतलं वापरलेलं, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळू शकतं. पिंगचे जी४१० आणि जी४२५ मॅक्स, टेलरमेडचा एम४ किंवा सिम मॅक्स, कॉलवेचा मॅव्हरिक मॅक्स, कोब्राचा एफ९, हे सगळे २०१८ ते २०२१ मधले आहेत आणि यातला कोणताही तुम्हाला पाच वर्षं पुरेल. पिंगच्या नावापुढे एसएफटी असेल तर वजन टाचेकडे सरकवलेलं असतं, उजवीकडे पळणाऱ्या चेंडूला तो आवरतो. इतर कंपन्या त्यालाच ड्रॉ किंवा डी म्हणतात. नावात एलएस असेल तर हात लावू नका. ते कमी फिरकीचं मॉडेल आहे, वेगवान हातांसाठी बनवलेलं, आणि नेमकं तेच सेकंडहँड बाजारात स्वस्त दिसतं. कारण तुमच्या-माझ्यासारख्यांनी हौसेने घेऊन विकायला काढलेलं असतं.

वापरलेला घेताना फेसवर नख फिरवून केसाएवढी भेग आहे का पाहा, क्राउन आणि फेसच्या सांध्यावर उजेड तिरपा पाडून पाहा, डोकं कानाजवळ हलवा. आत खडखडलं तर बहुधा सुटलेला डिंक असतो. तो घातक नाही, पण त्यावरून भाव पाडता येतो. उरलेल्या पैशांतून एक दिवस लॉन्च मॉनिटर (चेंडूचा वेग, उंची, फिरकी मोजणारी मशीन) असलेल्या ठिकाणी फिटिंगला, म्हणजे मोजून आपल्याला जुळणारा डंडा ठरवायला, द्या. आणि तीन-चार तास एखाद्या शिकवणाऱ्याला. मी शिकवतो म्हणून सांगत नाही, माझ्याकडे येऊ नका, काटोलहून लांब पडेल.

एक फटका मलाही बसला आहे. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन एक मोठ्या नावाचा ड्रायव्हर दिसला, नवाकोरा, बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यात. क्लब दुरुस्त करणारा माणूस मी, तरी मोह झाला. डिसेंबरात पार्सल आलं, त्याच संध्याकाळी वावरात नेला. तिसऱ्या टोल्याला हाताला एकदम हलकं लागलं, चेंडू टीवरच, आणि डोकं भिरभिरत शेजारच्या उभ्या तुरीत. दोन तास शोधलं, मिळालं नाही. जानेवारीत तूर कापताना मजुरीला आलेल्या बाईला सापडलं. ती विचारत आली, "भाऊ, हे कायचं भांडं हाय?" उघडून पाहिलं तर आत शाफ्टला चिमूटभर चिकटवण, अनुक्रमांकाचे आकडे वाकडेतिकडे कोरलेले. नक्कल होती. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. तेव्हापासून अनुक्रमांक कंपनीकडे पडताळल्याशिवाय मी डंड्याला हात लावत नाही. त्या डोक्यात आमच्या नातवाने पेन ठेवले आहेत.

खरा ड्रायव्हरसुद्धा आपल्याकडे उन्हाने सैल होतो. नवतपात पारा ४५-४६ ला असतो तेव्हा बंद गाडीच्या डिक्कीत काय होत असेल विचार करा. डोकं आणि शाफ्ट जोडणारं इपॉक्सी सततच्या उष्णतेने मऊ पडतं, ग्रिपचं रबर काचेसारखं चकाकायला लागतं. मे महिन्यात माझ्या शेडात येणाऱ्या डंड्यांपैकी निम्मे डिक्कीत भाजलेले असतात. घरात ठेवा. ग्रिप वर्षाला बदला. घामाने निसटणारा डंडा माणूस आवळून धरतो, आणि आवळलेल्या मनगटातून वेग येत नाही. चारेकशे रुपयांपासून हजारापर्यंतच्या ग्रिपने कधी कधी जे होतं ते पाहून मालक डंडाच नवा समजतो.

ऋतूबद्दल आणखी एक, कारण इथेच लोक फसतात. ड्रायव्हरची तुलना कधीही एकूण अंतरावर करू नका, कॅरीवर करा. चेंडू हवेतून जिथे पहिल्यांदा पडला तिथपर्यंत. मे महिन्यात जमीन फरशीसारखी असते, भेगा चुकवल्या तर चेंडू ३०-४० यार्ड नुसता धावतो. हवाही गरम आणि विरळ, त्याचे आणखी थोडे. एका ओळखीच्याने उन्हाळ्यात नवा ड्रायव्हर घेतला, "२५० गेला" म्हणून पेढे वाटले. जुलैत तोच चेंडू पडला त्या जागी चिखलात रुतून बसला, २०५ वर. डंडा बिघडला म्हणून माझ्याकडे आणला होता. तुम्ही आत्ता, हिवाळ्याच्या तोंडाशी विचारताय हे बरं झालं, या दिवसांत मोजलेलं अंतर फारसं फसवत नाही. वावराचा एक धुरा पकडा, टेपने १५० यार्ड म्हणजे ४५० फूट मोजून खुंटी ठोका, पुढे दर २५ यार्डांना म्हणजे ७५ फुटांना एक. पडल्याची जागा बघायला कोणाला तरी बाजूला उभं करा, समोर नाही. आणि गुरं चरायला सुटायच्या आधी. ४६ ग्रॅमचा चेंडू १३० मैलांनी गाईला लागला तर गोल्फ गावातून कायमचा जाईल.

चेंडू कोणताही साधा टू-पीस (गाभा आणि वरचं कवच, एवढाच) घ्या, तळ्यातून काढलेले जुने मोजमापाला वापरू नका.

तर पुढचे आठ दिवस असं करा. रोज वीस चेंडू, खडू लावून, इंचभर आखूड धरून, टी उंच. ठशांचे फोटो ठेवा आणि कॅरी वहीत लिहा. ठसे टाचेकडेच राहिले तर चेंडूपासून बोटभर मागे सरका, डंडा खाली येताना तुमचं वजन बहुधा पंजांवर जातंय. टोकाकडे गेले तर बोटभर जवळ. आठव्या दिवशी वही आणि फोटो घेऊन फिटिंगला जा आणि तिथे १०.५ आणि १२ असे दोन्ही मारून पाहा, दुकानदार ९ पुढे करेल तरी.

आणि सराव सोयाबीनच्याच वावरात करा, शेजारच्या पऱ्हाटीच्या बाजूने मारू नका. बोंडं फुटली आहेत. त्या पांढऱ्यात पडलेला पांढरा चेंडू मला तीस वर्षांत एकदाही सापडलेला नाही, वेचणीवाल्यांना सापडतो, तोही कापसासोबत गाठोड्यात बांधून झाल्यावर.